न्यूयॉर्क ते मुंबई, तीन पाळ्या

माझा जावई प्रीतम दर सहा महिन्यांनी पंधरा दिवसांसाठी अमेरिकेहून यायचा. तो परत गेला की त्याचे पंधरा दिवस माझ्या मुलीच्या अंगावर महिनाभर दिसायचे.

पहिल्या वेळी अक्षता म्हणाली, बाथरूममध्ये पाय घसरला. दुसऱ्या वेळी तिची करंगळी मोडली होती. म्हणाली, दारात बोट अडकलं. बोट दारात अडकलं होतं हे खरं, पण ते तिथे त्याने धरून ठेवलं होतं आणि दारही त्यानेच ओढलं होतं, हे मला दीड वर्षाने कळलं. तिसऱ्या वेळी तिने कारण सांगितलं नाही. बाही वर करून दंड दाखवला. इस्त्रीचं टोक उमटलं होतं, खालची कातडी ओली होती. तिची आई वनमाला उठून मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

आम्ही कांजूरमार्गला राहतो. अक्षता घाटकोपरला, चौथ्या मजल्यावर, आठ वर्षांची मुलगी प्रांजल आणि सासू माणिकबाई यांच्याबरोबर. मध्ये फक्त विक्रोळी. पण त्या घरातून इकडे येताना तिला दर वेळी सासूला सांगावं लागायचं, आणि सासू ते मुलाला सांगायची.

त्या पावसाळ्यात प्रीतम फोनवर म्हणाला, "या वेळी प्रांजलला घेऊन जाणार. व्हिसा झालाय, शाळा बघून ठेवलीय. तू इथेच राहा, आईकडे बघ." तिकीट महिनाअखेरचं होतं. अक्षता वकीलबाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, आधी मुलीचा पासपोर्ट हातात घ्या, मग आपण कोर्टात जाऊ. मूल एकदा देशाबाहेर गेलं की वर्षानुवर्षं परत येत नाही. पासपोर्ट माणिकबाईंच्या लोखंडी कपाटात होता, आतल्या तिजोरीत, आणि दोन्ही चाव्या त्यांच्या कमरेला. तिथून अक्षता पोलिसांत गेली. त्यांनी एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, लिहून घेतली आणि तिची प्रत दिली. ती प्रत तिने पर्समध्ये ठेवली, एवढीच तिची चूक. माणिकबाईंनी पर्स उघडली, कागदाचा फोटो काढला आणि मुलाला पाठवला.

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता अक्षताच्या फोनवर त्याचा मेसेज आला. "कागद वाचला. विमानात बसलोय. येतो."

तिने लगेच मला फोन केला. गच्चीवर जाऊन बोलत होती, वारा ऐकू येत होता.

"बाबा, तो निघाला. महिनाअखेर नाही, आत्ता निघाला. मी प्रांजलला घेऊन येते तिकडे."

"पासपोर्ट?"

"राहू दे पासपोर्ट. सासूबाई घरात आहेत."

"राहू दे कसा? तो आला की पासपोर्ट घेईल आणि शाळेच्या दारातून पोरीला उचलेल. बाप आहे तो, कोण अडवणार? वकीलबाई काय म्हणाल्या ते विसरलीस?"

ती म्हणाली, "आपल्याकडे वेळ किती आहे?"

मी तिला फोन चालू ठेवायला सांगितलं आणि माझी फाइल काढली. मागच्या वर्षी त्याला आणायला मी विमानतळावर गेलो होतो, तेव्हा अक्षताने दिलेली तिकिटाची प्रत मी जपून ठेवली होती. मला वाचायला आलं ते पन्नाशीनंतर, वॉचमनच्या केबिनमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं रजिस्टरात उतरवताना. तेव्हापासून छापील कागद मी फेकत नाही.

तिकिटावर न्यूयॉर्कहून सुटण्याची वेळ होती दुपारी साडेबारा. मुंबईला पोहोचण्याची वेळ, दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारा. मी गिरणीत बावीस वर्षांचा होईपर्यंत काम केलेला माणूस, वेळ मोजतो ती पाळीने. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी, आणि पुन्हा तोच भोंगा. साडेबारा ते साडेबारा म्हणजे बरोबर तीन पाळ्या. तरी मी तपासून पाहिलं. तिकिटावर अंतरही होतं, साधारण साडेबारा हजार किलोमीटर. त्याला चोवीसने भागलं. तासाला पाचशे वीस आले. आपली एसटी ताशी पन्नासने जाते, विमान तिच्या दहापट जात असेल, हे मला पटलं. हिशोब जुळला.

"उद्या संध्याकाळी सात," मी म्हटलं.

"नक्की ना, बाबा?"

"छापील आहे. आणि तो स्वतःच म्हणायचा ना, यायला एक अख्खा दिवस मोडतो म्हणून?"

"हो. म्हणायचा."

"मग झालं तर. उद्या श्रावणातला शुक्रवार. सासू देवळात जाईल ना भजनाला?"

"दहाला जातात. साडेबाराला येतात."

"मी सव्वादहाला येतो. प्रांजलला नेहमीसारखी शाळेत पाठव, म्हणजे म्हातारीला संशय यायचा नाही. कपाट मी उघडतो. पासपोर्ट घेऊ, पोरीला शाळेतून घेऊ, दुपारी वकीलबाईंकडे. तो सातला उतरेल तेव्हा आपण कोर्टाच्या कागदावर सही करून बसलेले असू."

वनमाला चुलीपाशी उभी राहून ऐकत होती. आम्ही दोघं एकमेकांशी मालवणीच बोलतो. ती म्हणाली, "माका तुमचो हिशोब नको. आत्ताच जावा आणि दोघींका घेऊन येवा."

"पासपोर्टाशिवाय काय उपयोग?"

"पोरगी जिवंत र्‍हवली तर पासपोर्ट."

"तिकीट छापलेला आसा. छापलेला खोटा नसता."

"तुमका वाचूक येता ह्याच वाईट झाला," ती म्हणाली आणि जेवायला वाढलं.

शुक्रवारी मी पिशवीत हातभर लांबीची पहार आणि दोन जुने टॉवेल घेतले. सव्वादहाला घंटा वाजवली. अक्षताने दार उघडलं. केस घट्ट बांधले होते, पायात चप्पल घालूनच घरात फिरत होती. स्वयंपाकघराच्या भिंतीवर जिवतीचा कागद लावलेला, त्याला आघाड्याची माळ. लेकरांच्या आयुष्यासाठी माणिकबाईंनी सकाळीच पूजा केली होती.

कपाटाच्या दारात पहारीचं टोक घालून मी टॉवेल गुंडाळला आणि जोर दिला. लोखंड ओरडतं, कितीही गुंडाळलं तरी. पत्रा वाकला, कुलूप तुटलं नाही. अक्षताही दांड्याला लटकली. पावणेअकराला कपाटाचं बाहेरचं दार उघडलं. आतली तिजोरी जास्त अवघड होती. माझं वय एकोणसत्तर. मध्ये दोनदा बसावं लागलं.

"पाणी देऊ?"

"नको. वेळ आहे, घाई करू नको. घाईत हत्यार हातातून निसटतं."

तिजोरीचा खण शेवटी मुळासकट बाहेर आला आणि फरशीवर आपटला. त्यात माणिकबाईंच्या बांगड्या होत्या, बँकेचे कागद, आणि रबर लावलेले दोन पासपोर्ट. एक जुना, प्रीतमचा, कोपरा कापलेला. दुसऱ्यात प्रांजलचा फोटो, दोन दात पडलेले. अक्षताने तो कुडत्याच्या आत छातीशी खोचला. बांगड्यांना तिने हात लावला नाही.

"चल," मी म्हटलं.

तेव्हा बाहेरच्या दाराचं लॅच फिरलं. आम्हा दोघांना वाटलं माणिकबाई लवकर आल्या. मी पहार टॉवेलात गुंडाळू लागलो.

प्रीतम आत आला. हातात एकच बॅग. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. त्याने बॅग ठेवली, दार लावलं, वरची कडी घातली आणि मग खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. कपाटाकडे बघितलं.

"काय सासरेबुवा, फर्निचरचं काम घेतलंत?"

माझ्या तोंडून एवढंच आलं, "तू संध्याकाळी सातला येणार होतास."

"कोण म्हणालं?"

"तिकडून चोवीस तास लागतात."

तो खरोखर हसला. "चौदा-साडेचौदा तास लागतात. साडेनऊला उतरलो. तिकडचं घड्याळ वेगळं, इकडचं वेगळं, वेळ ज्या गावची त्या गावची छापतात. तुम्ही एकातून एक वजा केलंत ना? गिरणीत एवढं शिकवलं नाही?" मग अक्षताकडे वळला. त्याचा आवाज बदलला नाही. "पासपोर्ट दे."

"कपाटात नव्हता," ती म्हणाली.

त्याने तिच्या तोंडावर मूठ मारली. चापट नाही, मूठ, खांद्यापासून. ती कपाटाच्या वाकलेल्या दारावर गेली आणि पत्र्याने तिची भुवई उघडली. मी मध्ये गेलो. पहार माझ्या हातात होती, पण मी ती उगारली नाही. आडवी धरून त्याला मागे रेटायला गेलो. त्याने ती दोन्ही हातांनी धरली, पिरगळली आणि माझ्याकडून काढून घेतली. पस्तीस वर्षांचा गडी तो.

"तुम्हाला घरात कुणी घेतलं?" तो म्हणाला आणि मारलं. मी उजवा हात वर केला. कोपराच्या खाली हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, दुखणं मागून आलं. दुसरा फटका बरगड्यांवर बसला. मी पलंगाच्या पायाशी पडलो. श्वास आत जात होता, बाहेर येत नव्हता.

त्याने पहार बाजूला टाकली. तिच्यासाठी त्याला हात पुरत होते. तिचे बांधलेले केस मुठीत धरून त्याने तिला फरशीवरून ओढलं. "कुठे ठेवलास? आत? काढ." तिने दोन्ही हात छातीवर घट्ट दाबून धरले. त्याने तिचं डोकं जमिनीवर आपटलं. एकदा. थांबला. विचारलं. पुन्हा आपटलं. ती ओरडली नाही. त्या घरात तिला न ओरडायची सवय झाली होती, हे मी त्या वेळी पाहिलं.

मी सरपटत जाऊन डाव्या हाताने त्याचा घोटा धरला आणि दात रोवले. मोज्यातून, कातडीतून, जिथपर्यंत गेले तिथपर्यंत. त्याने दुसऱ्या पायाने माझ्या कानशिलावर लाथ घातली. मी सोडलं नाही. त्याने आणखी एक घातली. तोंडात रक्त आलं, त्याचं की माझं ते कळत नव्हतं. मला मारायला तो वळला, तेवढ्यात त्याच्या मुठीतले केस सुटले.

अक्षता उठली. फरशीवर तिजोरीचा खण पडला होता, जाड लोखंडी, दोन किलोचा तरी. तिने तो दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या डोक्यामागे घातला. तो गुडघ्यावर आला. तिने पुन्हा घातला. तो आडवा झाला आणि बांगड्या खोलीभर घरंगळल्या.

तिने तिसऱ्यांदा उचलला.

"अक्षता," मी म्हटलं. "ठेव."

"उठेल तो."

"ठेव गो बाय. मरेल."

ती खण धरून उभी राहिली. एक डोळा मिटत चालला होता. बाहेर कुणीतरी दार ठोठावत होतं. समोरच्या अनुपमाताई असाव्यात. अक्षताने खण खाली ठेवला.

प्रीतम मेला नव्हता. शुद्धीवर होता. गाल फरशीला टेकलेला, कानातून रक्त येत होतं, आणि तो बोलत होता. "किती दिवस लपवशील? दुसरा पासपोर्ट काढीन. पोलिसांत तूच अडकशील, कपाट तू फोडलंस. पुढच्या महिन्यात प्रांजल माझ्याकडे असेल. तुला फोनवरसुद्धा दिसणार नाही." त्याने तळवे जमिनीवर टेकले आणि अंग उचलायला लागला. सावकाश, पण उठत होता.

त्याचं म्हणणं खरं होतं. चार टाके घालून तो संध्याकाळी घरी आला असता. त्याच्याकडे पैसे होते, वकील होते, विमान होतं. आमच्याकडे त्याच्यापेक्षा जास्त फक्त एकच गोष्ट असू शकत होती, वेळ, आणि ती मी आदल्या संध्याकाळी दहा तासांनी चुकवली होती.

गिरणीत आमच्या साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खात्यात एका कामगाराच्या पायावर सुताचा जड बीम पडला होता. नडगी दोन जागी मोडली. आठ महिने तो कामावर आला नाही, आणि आला तो काठी घेऊन.

मी डाव्या हाताने पहार उचलली. अक्षताला वाटलं मी आधारासाठी घेतोय.

"बाबा, चला."

"दार उघड आणि बाहेर उभी राहा."

ती हलली नाही. मी त्याच्या पायांकडे गेलो. डावा हात माझा कामाचा नाही, पहिला फटका पोटरीवर गेला आणि तो ओरडला. पहिल्यांदाच त्या घरात तो ओरडला असेल. दुसरा फटका नडगीवर बसला. तिसऱ्याला हाड गेलं. मग मी दुसऱ्या बाजूला आलो. एक पाय ठेवला असता तर तो कुबड्या घेऊन विमानाची पायरी चढला असता. दुसऱ्या पायाला पाच फटके लागले, कारण माझा हात थकला होता आणि तो वळवळत होता. "बाबा, नको, बाबा," तो म्हणत होता. लग्नानंतर पहिल्यांदा त्याने मला बाबा म्हटलं. मी मोजून मारलं, आणि हाड गेल्यावर थांबलो.

मग अक्षताने दार उघडलं. अनुपमाताई आत बघून भिंतीला टेकल्या. मी त्यांना म्हटलं, "ॲम्ब्युलन्स बोलवा, आणि पोलीस. आणि प्रांजल साडेबाराला सुटते, तिला कुणीतरी आणायला जा. इथे आणू नका."

माझा हात प्लास्टरमध्ये घालून मला पोलिसांनी संध्याकाळी चौकीवर आणलं. अक्षताला भुवईला सात टाके पडले. तिने तिचा जबाब आधीच दिला होता, खणाचे दोन फटके धरून. माझा जबाब घ्यायला संघमित्रा नावाच्या फौजदार बाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. चहा मागवला, मी डाव्या हाताने प्यालो.

"त्याने तुमचा हात मोडला, मुलीला मारत होता, इथपर्यंत समजलं," त्या म्हणाल्या. "पण आजोबा, तो पडल्यावर तुम्ही आठ वेळा मारलंत. तेही पायांवर. का?"

"चालता येऊ नये म्हणून."

त्यांनी पेन थांबवलं. "असं बोलू नका. मी लिहिते, ऐका जरा."

त्यांनी लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी सगळा वाचला. मला वेळ लागतो. त्या थांबल्या. दुसऱ्या पानावर होतं, "मी रागाच्या भरात त्याच्या पायांवर प्रहार केले."

"हे खोडा," मी म्हटलं.

"काय?"

"रागाच्या भरात."

"तुमच्याच सोयीचं आहे ते. वकीलही हेच सांगेल."

"राग नव्हता. राग असता तर डोक्यात घातली असती."

"मग काय लिहू?"

"तो सहा-आठ महिने प्रवास करू शकू नये म्हणून मारलं. असं लिहा."

"जामीन मिळायला त्रास होईल."

"होऊ द्या."

त्यांनी शब्द खोडले, बाजूला आद्याक्षरं केली आणि मी सांगितलं तसं लिहिलं. मी डाव्या हाताने सही केली.

मग त्यांनी मुद्देमाल पुढे घेतला. पहार, खण, दोन टॉवेल, आणि अक्षताच्या छातीशी सापडलेला पासपोर्ट. त्याच्या कव्हरवर रक्त वाळलं होतं. हवालदाराने तो पाकिटात घातला, पंचांच्या सह्या घेतल्या, दोरा बांधला आणि लाख वितळवू लागला.

"हा पासपोर्ट आता कुणाकडे राहणार?" मी विचारलं.

"आमच्याकडे. गुन्ह्यातला पुरावा आहे. कोर्टाने सोडल्याशिवाय कुणालाच मिळणार नाही, बापालाही नाही."

"दुसरा काढला तर?"

"हा जप्त आहे असं आम्ही पासपोर्ट ऑफिसला कळवतो. सहजासहजी मिळत नाही."

"आणि कोर्ट किती दिवसांत सोडतं?"

बाई जरा चिडल्या. त्यांना वाटलं असणार, मी तक्रार करतोय. "आजोबा, ते आमच्या हातात नसतं. एक वर्ष, दोन वर्षं, तीनही लागतात. तारखा पडत राहतात."

हवालदाराने लाखेवर शिक्का दाबला. बाहेर बाकावर अक्षता बसली होती, तिच्या मांडीवर डोकं ठेवून प्रांजल झोपली होती. दप्तर अजून पाठीवरच होतं.

"पडू द्या," मी म्हटलं आणि उठलो. दुसऱ्या हवालदाराने मला आतल्या कोठडीकडे नेलं.